धरणात पाणी आहे, मग नळाला सहाव्या दिवशी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, लोकसंख्या साधारण ३५ हजार. धरणात पाणी असूनही नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं. नगरपरिषद रोज ४५ लाख लिटर उचलते असं सांगितलं जातं. आता नवी पाणीपुरवठा योजना मंजुरीला चालली आहे आणि त्याच वर्षी प्रभागात सिमेंटचे रस्ते व घरकुलांची कामंही निघणार आहेत. प्रश्न विचारणारे पहिल्यांदाच नगरसेवक झालेत. त्यांचं म्हणणं, ‘यातलं आधी काय धरू? नव्या योजनेच्या ठरावाला हात वर करू की विरोध करू?’

मी नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा विभागात ३१ वर्षं काढली. तीन गावांत काम केलं, त्यातली दोन मराठवाड्यातली. त्या अनुभवावरून सांगतो. तुमचं गाव मी पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासून घ्याव्या लागतील. त्या कुठल्या, तेही ओघात सांगेन.

आधी तुम्ही दिलेल्या आकड्याकडेच बघू. ४५ लाख लिटर भागिले ३५ हजार माणसं, म्हणजे माणशी जवळपास १२८ लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी १३५ लिटर आणि नसलेल्यासाठी ७० लिटर असं प्रमाण आपल्याकडे योजना आखताना धरत आले आहेत. तुमच्याकडे भुयारी गटार नसणार असं मी धरून चालतो. मग १२८ लिटर म्हणजे रोज पाणी देऊन उरावं इतकं पाणी आहे. तरी लोक सहा-सहा दिवस पिंपं भरून ठेवतात. याचा अर्थ एक तर ४५ लाख हा आकडा खरा नाही, किंवा पाणी घरापर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी जातंय. बहुतेक गावांत दोन्ही असतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न ‘नवी योजना की जुनी’ हा नाही. तुमच्या गावात रोज किती पाणी येतं आणि ते कुठे जातं हे कोणालाच ठाऊक नाही, हा खरा प्रश्न आहे. ते कळल्याशिवाय नवी योजना आणली तर नवं पाणी जुन्याच भोकांतून जाईल.

माझ्या पहिल्या गावातलं उदाहरण देतो. शुद्ध पाण्याच्या पंपावरच्या पाटीवर ताशी १५० घनमीटर (म्हणजे दीड लाख लिटर) लिहिलेलं, आणि नोंदवहीत रोज २० तास पंपिंग. म्हणून कागदावर रोजचे ३० लाख लिटर. पाणी मोजणारा फ्लो मीटर होता, पण तो कधीचा बंद पडलेला. मग आम्ही टाकीच मीटर म्हणून वापरली. उंच टाकीचा व्यास १२ मीटर, म्हणजे आतलं क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर. पातळी एक सेंटिमीटर चढली की ११३० लिटर पाणी आलं समजायचं. टाकीतून गावाकडे जाणारे सगळे व्हॉल्व्ह बंद केले, पंप सुरू ठेवला आणि शिडीवर बसून टेपनं पातळी मोजली. अर्ध्या तासात ६६ सेंटिमीटर चढायला हवी होती, चढली ४१. म्हणजे ताशी १५० नाही, ९३ घनमीटर.

मग तासांची खातरजमा केली. त्यासाठी वीजबिल पुरतं. महिन्याची युनिटं भागिले पंपाचे किलोवॅट, की तास निघतात. ७५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे ढोबळ ५६ किलोवॅट. बिल होतं २४ हजार युनिटांचं. म्हणजे महिन्याला सव्वाचारशेच्या वर तास, दिवसाला सरासरी १४ तास आणि वर थोडी मिनिटं. वीज जात होती, मोटार गरम होऊन बंद पडत होती, वहीत मात्र २० तास लिहिण्याची सवय पडली होती. ९३ घनमीटर गुणिले १४ तास म्हणजे १३ लाख लिटर. सभागृहात ३० लाखांवर चर्चा व्हायची आणि गावात १३ लाख येत होते. यात कोणी पैसे खाल्ले होते असं नव्हे. मोजायची पद्धतच मोडलेली होती, आणि ती मोडलेली आहे हे वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नव्हतं.

तुमच्याकडे हे एका दिवसात होतं. पाणीपुरवठा अभियंत्यांना विनंती करा, त्यांच्याबरोबर स्वतः टाकीवर जा. त्यांच्यावर संशय आहे असा सूर मात्र अजिबात नको. पाणी विभागात माणसं कमी असतात, त्यातली निम्मी कंत्राटी, आणि रोज पहाटे उठून तीच गावाला पाणी सोडतात. त्यांना बाजूला सारून पाण्याचं कुठलंच काम होत नाही.

पाणी कमी येतंय हे ठरलं की पुढचा शोध पंपापासून टाकीपर्यंतच्या मुख्य वाहिनीचा. आमच्या गावी पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, झिजलेला निघाला. तो बदलायला जो खर्च आला तो नव्या योजनेच्या सल्लागाराच्या फीपेक्षाही कमी होता. दुसरं, नऊ किलोमीटरच्या वाहिनीवरचे चार एअर व्हॉल्व्ह (अडकलेली हवा बाहेर सोडणारे) निकामी. चढावर हवा अडकली की पाण्याची वाट अरुंद होते आणि पंप नुसताच जोर लावत राहतो. तिसरं, दोन एअर व्हॉल्व्ह मुद्दाम सैल करून ठेवलेले. रस्त्याकडेच्या वस्तीवरची माणसं तिथून पाणी भरायची, जनावरंही तिथेच पाजायची. तिथे पोलीस नेऊन उपयोग नव्हता, चौथ्या दिवशी पुन्हा तेच झालं असतं. आम्ही त्या वस्तीला रीतसर जोडणी दिली, जनावरांसाठी हौद बांधून दिला आणि मग व्हॉल्व्हभोवती कुलूपबंद चेंबर केलं. ज्यांच्या शेतातून, दारावरून आपण पाणी नेतो त्यांना तहानलेलं ठेवून वाहिनी सुरक्षित राहत नाही, हे मला त्या वस्तीनं शिकवलं.

आता गावातलं वितरण. खरा गुंता इथे आहे.

सहा दिवसांनी पाणी याचा अर्थ गावाचे सहा भाग केलेत आणि रोज एका भागाला पाणी सुटतं. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं, पिंप, हौद, टाकी एकाच वेळी भरायला लागते. गावातल्या वाहिन्यांचा व्यास ठरवताना दिवसभराच्या सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरलेला असतो, ५० हजारांखालच्या गावाला हेच प्रमाण. पण सहा दिवसांचं पाणी तासा-दीड तासात ओढायचं तर प्रवाह त्याच्या कितीतरी पुढे जातो. पाइपात प्रवाह दुप्पट झाला की घर्षणानं जाणारा दाब दुपटीनं नाही, साडेतीन पटीहून जास्त वाढतो. म्हणून टाकीजवळच्या घरात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतं आणि टोकाच्या गल्लीत नळ फक्त सूं सूं आवाज करतो.

त्या टोकाच्या गल्लीत एकदा जाऊन या. तिथे घरासमोर नळाचा खड्डा दिसेल. वर पाणी येत नाही म्हणून लोक जोडणी खाली कापत नेतात. आधी हातभर खड्डा, मग कमरेइतका. आमच्याकडे एका आजींच्या दारात पायऱ्या असलेला खड्डा होता. त्या खाली उतरून तांब्यानं बादली भरायच्या आणि वर सुनेच्या हातात द्यायच्या. खड्ड्याच्या भिंतीतून शेजारच्या गटाराचं पाणी पाझरत होतं. पाणी बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या वाहिनीत ओढ तयार होते, आणि खड्ड्यातलं, गटारातलं जे असेल ते आत शोषलं जातं. पावसाळ्याच्या तोंडावर गॅस्ट्रो आणि कावीळ याच गल्ल्यांतून का सुरू होते, ते इथे उभं राहिलं की कळतं. शुद्धीकरण केंद्रावर पाणी कितीही चांगलं केलं तरी ते या खड्ड्यात उतरणार असतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. टोकाच्या घरी नळाला पाणी आलं की ओटी टेस्ट करा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम तरी राहायला हवं. रंगच आला नाही तर क्लोरीन कमी पडतंय किंवा वाहिनीत कुठेतरी घाण शिरतेय, आणि तो शोध त्याच दिवशी घ्यायचा असतो. किट पाणी विभागात किंवा आरोग्य केंद्रात मिळतं. नगरसेवकानं दर महिन्याला आपल्या प्रभागातल्या दोन टोकांना ही नळी धरली तर विभाग आपोआप जागा राहतो.

गळतीचं म्हणाल तर लोकांना मुख्य वाहिनी फुटलेली दिसते, रस्त्यावर कारंजं उडतं, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती होते. खरं पाणी खातात त्या घरगुती जोडण्या. फेरूलपासून (मुख्य वाहिनीवर घरची जोडणी जिथे बसवतात तिथून) घरापर्यंतचा गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, सायकलच्या ट्यूबनं बांधलेले सांधे, आणि तोटीच नसलेले नळ. सहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याला लोक तोटी लावत नाहीत, कारण रात्री किती वाजता येईल ते माहीत नसतं. नळाखाली पिंप ठेवून झोपतात, पिंप भरून वाहतं. पाणी आलं की आधीचं साठवलेलं ‘शिळं’ म्हणून ओतून देतात. म्हणजे अनियमित पाणी स्वतःच पाण्याची नासाडी करतं. पाणी कमी म्हणून दिवसाआड, आणि दिवसाआड म्हणून पाणी कमी, असं हे चक्र आहे. ते तोडायला नवं धरण लागत नाही, ठरलेली वेळ लागते.

आमच्याकडे एक वयस्कर व्हॉल्व्हमन होते. रात्री दोनला ते लोखंडी पहार व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि सांगायचे, ‘साहेब, मारुतीच्या देवळामागे वाहतंय.’ खणलं की तिथेच निघायचं. त्यांना गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह पाठ होता, किती फेरे उघडला की कुठल्या गल्लीला किती जातं ते पाठ. पण कार्यालयात नकाशा नव्हता. ते निवृत्त होण्याआधी आम्ही तीन महिने त्यांच्याबरोबर फिरलो. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर दिला, चेंबरवर रंगवला, नगर भूमापनाच्या नकाशावर पाइपाचा व्यास, प्रकार, खोली टिपली. त्यातच डांबराखाली गाडले गेलेले ११ व्हॉल्व्ह सापडले. तुमच्या गावातही असा एखादा माणूस नक्की असेल. तो निवृत्त व्हायच्या आधी हे काम करून घ्या, त्याचा सत्कार करा, आणि शक्य झालं तर मानधनावर आणखी वर्षभर थांबवून घ्या.

नकाशा झाला की गावाचे उंचीप्रमाणे झोन पाडायचे. एका झोनला एकच टाकी, एकच वाट, आणि त्या वाटेवर मीटर. टेकडावरची वस्ती आणि ओढ्याकाठची आळी एकाच व्हॉल्व्हवर असेल तर खालचे पितील आणि वरचे भांडतील. झोन वेगळे झाले की सहाव्या दिवसाचं तिसऱ्या दिवसावर आणा, तिथे स्थिर होऊ द्या, मग दिवसाआड. वेळ ठरलेली ठेवा आणि पाळा. घड्याळाप्रमाणे पाणी यायला लागलं की आमच्याकडे साठ दिवसांत बूस्टर मोटारींच्या (नळाला मोटार लावून पाणी ओढण्याच्या) तक्रारी निम्म्यावर आल्या. लोकांना चोरीची हौस नसते, त्यांना खात्री हवी असते.

इथे तुमची, म्हणजे नगरसेवकाची कसोटी आहे. व्हॉल्व्हमनला रात्री फोन करून ‘माझ्या गल्लीला अर्धा तास वाढवून दे’ म्हणायचं नाही. तुम्ही केला की बाकीचेही करणार, आणि तो बिचारा सगळ्यांना हो म्हणत गावाचं वेळापत्रक मोडणार. सभागृहात वेळापत्रकाचा ठराव करा, ते प्रत्येक प्रभागात फलकावर लावा, बदल फक्त मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी आदेशानंच होईल असं ठरवा.

चोवीस तास पाणी हे छोट्या गावाला झेपतं का, असा प्रश्न पुढे येईलच. झेपतं. कराडजवळच्या मलकापूरनं नगरपंचायत असतानाच मीटर लावून, वापर वाढेल तसा दर वाढवत नेऊन चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. पण त्यांनी आधी मीटर, दर आणि जोडण्या बदलण्याचं काम केलं होतं. तुम्ही आत्ता तिथे उडी मारू नका असंच मी सांगेन. दिवसाआड, ठरलेल्या वेळी, टोकापर्यंत सारख्या दाबानं, एवढं आधी साधा.

आता नव्या योजनेचा ठराव. आंधळा विरोध करू नका. काही गावांना नवा उद्भव, म्हणजे पाणी उचलायची नवी जागा, खरोखरच लागतो. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर आले. तुमच्या ३५ हजारांच्या गावाला तेवढं पाणी वाटलं तर माणशी १४ लिटर येईल. त्या उन्हाळ्यात भांडी घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘धरणात पाणी आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाटबंधारे खात्याकडे तुमच्या गावासाठी किती आरक्षण मंजूर आहे, दुष्काळी वर्षात मृतसाठ्यातून उचलता येईल अशी जॅकवेलची (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीची) पातळी आहे का, गेल्या १० वर्षांत मे महिन्यात पाणी किती वेळा तुटलं, हे विचारा. दर दोन-तीन वर्षांनी उद्भवच आटत असेल तर नवी योजना हवी. उद्भव टिकाऊ असेल आणि तरी टंचाई असेल तर दोष गावातल्या जमिनीखाली आहे.

योजनेला पैसा कुठून येतो तेही समजून घ्या. अमृत २.० ही शहरांच्या पाण्यासाठीची केंद्राची योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि त्यात लहान गावंही आली. एक लाखाखालच्या शहराला प्रकल्पाचा निम्मा खर्च केंद्रानं द्यायचा आणि उरलेला राज्य आणि नगरपरिषदेनं उचलायचा, असं त्यात ठरलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतही छोट्या शहरांसाठी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होती, त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, ही यातली मेख आहे. नवा पंप, नवी वाहिनी, वाढलेली उंची, या सगळ्याचं वीजबिल तुमच्या पाणीपट्टीतून भरायचं असतं. म्हणून प्रकल्प अहवाल हातात आला की तीन पानं आधी वाचा: वार्षिक वीजखर्चाचं, वितरण वाहिन्या बदलण्याचं आणि घरजोडण्यांचं. अहवालात धरण, केंद्र, टाक्या भरपूर आणि गावातल्या जुन्या एसी (अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या) पाइपांबद्दल दोन ओळी असतील तर ठरावाला दुरुस्ती सुचवा. काळ्या मातीत हे एसी पाइप उन्हाळ्यात भेगा पडल्या की तडकतात आणि पावसाळ्यात माती फुगली की सांध्यातून सुटतात. मराठवाड्यात नव्या टाकीचं पाणी जुन्या एसी पाइपात सोडणं म्हणजे पहिल्याच आठवड्यात दहा ठिकाणी खड्डे. जुनी वाहिनी नवा दाब सोसत नाही.

रस्त्यांबद्दल माझं मत ठाम आहे. जमिनीखालचं काम झाल्याशिवाय वर सिमेंट पडता कामा नये. माझ्या सेवेतला सगळ्यात वाईट दिवस याच गोष्टीचा आहे. एका गावी पेठेचा रस्ता दिवाळीआधी करायचा म्हणून घाईनं सिमेंट ओतलं. खाली ४० वर्षांची वाहिनी होती. ती बदलू द्या म्हणून मी पत्र दिलं, ‘निधी मार्चअखेर परत जाईल’ हे उत्तर आलं. फेब्रुवारीत वाहिनी फुटली. नवाकोरा रस्ता ब्रेकरनं फोडला, पाच दिवस पेठ पाण्यावाचून राहिली, आणि फोडलेला पट्टा पुन्हा कधीच नीट बुजला नाही. मी तेव्हा पत्रावर थांबलो, सभेत उभं राहून सांगायला हवं होतं. आजही ते मनाला लागतं.

तुमच्या हातात मतदानाचा हक्क आहे, तो इथे वापरा. रस्त्याच्या प्रस्तावाला पाणी विभागाचा दाखला जोडल्याशिवाय मंजुरी नाही, एवढा एक ठराव करून घ्या. दाखल्यात असावं की वाहिनी बदलली किंवा चांगली आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांसाठी आडवे पाइप आधीच टाकलेत, सगळ्या जोडण्या नव्या केल्यात, व्हॉल्व्हची चेंबरं रस्त्याच्या पातळीला उचललीत आणि वाहिनी बुजवण्याआधी दाब देऊन तपासली आहे. दाबाच्या चाचणीला स्वतः हजर राहा. पंपानं दाब चढवतात, काट्याकडे बघत उभं राहायचं. काटा उतरायला लागला की कुठेतरी सांधा ढिला आहे, आणि चर उघडा असतानाच तो सापडायला हवा.

आणखी एक. जुन्या रस्त्यावर नवा थर घालत गेलं की रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात. जुना थर खरवडून काढायची बाब अंदाजपत्रकात आहे का पाहा. नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात गरिबाच्या उंबऱ्याच्या आत पाणी शिरेल, आणि नळाचा खड्डा आणखी खोल होईल.

घरकुलांचं काम याच्याशी जोडलेलं आहे, ते वेगळं समजू नका. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. ते जोता, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्याचा फोटो जिओ टॅग झाल्यावर मिळतात. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात घराचं क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर धरलंय. कागदाच्या अडचणी तुम्हाला कळतीलच, जागेचा मालकी हक्क ही सगळ्यात मोठी. मी पाण्याची अडचण सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही.

स्लॅब टाकला की त्यावर मातीची आळी करून पाणी धरावं लागतं. ३० चौरस मीटरच्या स्लॅबवर पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे एका वेळी दीड हजार लिटर. ते किमान सात दिवस, आणि उन्हाळ्यात किंवा पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस तरी टिकवायचं. एप्रिलच्या उन्हात ते रोज आटतं आणि तुमच्या गावात नळ येतो सहाव्या दिवशी. एका वस्तीत मी पाहिलंय, नवरा-बायको दोघं मजुरीला जायची, संध्याकाळी आल्यावर पिण्याच्या पिंपातलं पाणी घागरीनं शिडीवरून वर नेऊन स्लॅबवर ओतायची. मुलं खाली दुसऱ्याच्या दारी प्यायला पाणी मागत होती. टँकर आणला तर अडीच लाखांतलेच पैसे जातात. नाही आणला तर स्लॅब कच्चा राहतो आणि तिसऱ्या पावसाळ्यात गळतो. मग म्हणतात लाभार्थ्यानं काम नीट केलं नाही.

म्हणून मुख्याधिकाऱ्यांशी बोलून घरकुलाच्या पहिल्या हप्त्यांचा काळ असा धरा की स्लॅब पावसाळ्याच्या शेवटी किंवा हिवाळ्यात पडतील. एका वस्तीतले स्लॅब आठवड्याच्या अंतरानं घ्या आणि त्या दिवसांत नगरपरिषदेचा टँकर वस्तीला द्या, पाणी पिण्याचंच हवं असं नाही, जवळच्या विहिरीचं चालतं. स्लॅबवर ओलं गोणपाट अंथरलं की पाणी निम्म्यात भागतं. आणि घरकुल मंजूर करतानाच नळजोडणीचा अर्ज त्याच फायलीत घ्या. जुन्या झोपडीच्या थकबाकीपायी नव्या घराला नळ नाकारल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत. थकबाकीचे हप्ते पाडून द्या, पण घराला नळ आणि सांडपाण्याला गटार मिळाल्याशिवाय घर पूर्ण झालं असं लिहू देऊ नका.

राहता राहिली पाणीपट्टी. नगरसेवकाला ती वाढवा म्हणणं अवघड जातं, मला कल्पना आहे. म्हणून क्रम उलटा करा. आधी वेळापत्रक पाळून दाखवा, मग बेकायदा जोडण्यांना तीन महिन्यांची मुदत देऊन नाममात्र शुल्कात रीतसर करा. आमच्या गावात कागदावर ४ हजारांच्या आसपास जोडण्या होत्या, घरोघरी मोजल्यावर दीड हजार वाढल्या. दर न वाढवताच वसुली वाढली. मीटरचा विषय त्यानंतर, आणि तोही आधी हॉटेलं, मंगल कार्यालयं, सर्व्हिसिंग सेंटर, बांधकामं यांच्यापासून.

तर ठरावाला हात वर करायचा का? दोन अटींवर. ठरावाच्या आधी पाण्याची मोजणी झालेली असावी, आणि प्रकल्पात वितरण व जोडण्या आधी, टाक्या नंतर असा कामांचा क्रम लिहून घ्यावा. या अटी इतिवृत्तात आल्याच पाहिजेत, तोंडी आश्वासन नको.

पुढच्या सभेपर्यंत वेळ कमी असेल तर एवढंच करा: टाकीचा व्यास, अर्ध्या तासात चढलेली पातळी, पंपाची अश्वशक्ती आणि गेल्या १२ महिन्यांच्या बिलातली युनिटं गोळा करून इथे लिहा. टोकाच्या दोन गल्ल्यांत नळाचा खड्डा किती खोल आहे तेही टेपनं मोजून टाका. मी हिशेब करून कुठे हात घालायचा ते सांगतो.